जाळंवाला ग्लॅडिएटर आणि लाल शाई

उत्तराला चार दिवस लागले, माफ करा. माझा लेख ‘ग्लॅडिएटर’, म्हणजे प्राचीन रोममध्ये लोकांसमोर झुंजणारा लढवय्या, या शब्दाबद्दल होता. त्यावर तुमचे आक्षेप तीन: ग्लॅडिएटर म्हणजे तलवारबाज, तर जाळं-त्रिशूळ घेऊन उतरणारा ग्लॅडिएटर कसा? सिंहांशी झुंजणारे ग्लॅडिएटर नव्हतेच. आणि ग्लॅडिओलसच्या फुलाचा संबंध ओढूनताणून जोडलाय.

सिंहांचं आधी, कारण तिथे चूक माझी आहे. जनावरांशी लढणारे ते बेस्टिआरियस, त्यांचा धंदाच वेगळा. ग्लॅडिएटर माणसाशी लढायचा. लेखातलं ते वाक्य काढून टाकलंय.

जाळंवाल्याबद्दल मात्र मागे हटणार नाही. लॅटिनमध्ये ‘ग्लॅडियस’ म्हणजे तलवार, तिला ‘करणारा’ या अर्थाचा प्रत्यय लागून शब्द झाला. पण शब्द निघतो कुठून आणि पोचतो कुठे, यात अंतर असतं. आपली शाई घ्या. फारसी ‘स्याह’ म्हणजे काळा. तरी मास्तर आयुष्यभर लाल शाईने शेरे मारत आलेच ना? तेल मुळात तिळाचं, पण खोबरेल तेल म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. रोममधल्या पहिल्या झुंजी इ.स.पू. २६४ सालच्या: ब्रूटस पेरा हा रोमन उमराव वारला, तेव्हा मुलांनी त्याच्या अंत्यविधीत तीन जोड्या लढवल्या. जाळंवाला रेटिआरियस दिसू लागतो तो थेट इसवी सनाच्या पहिल्या शतकात. तोवर ‘ग्लॅडिएटर’ इतका रुळला होता की इ.स.पू. ६३ मध्ये रोमन वक्ता सिसेरोने भर भाषणात आपला राजकीय शत्रू कॅटिलाइनला तोच शब्द शिवी म्हणून हाणला. गुंड, मारेकरी अशा अर्थाने. शिवाय थ्रेसियन (बाल्कनमधल्या थ्रेस प्रदेशाच्या) पद्धतीने लढणाऱ्याच्या हातातही ग्लॅडियस नसे, वाकड्या पात्याची ‘सिका’ असे. त्याच्यावर तुमचा आक्षेप नाही, हे गमतीचं!

(जाता जाता: खुद्द ‘ग्लॅडियस’सुद्धा बहुधा केल्टिक भाषांकडून उसना घेतलेला. त्यांतल्याच वेल्शमध्ये तलवारीला आजही ‘क्लेद्दिव’ म्हणतात.)

राहिलं फूल. सुऱ्याची सुरी होते, तसा ग्लॅडियसचा ग्लॅडिओलस, म्हणजे छोटी तलवार. तुम्ही फुलात तलवार शोधलीत म्हणून सापडली नाही. फुलवाल्याकडे दांडा पानांसकट मागा आणि पान बघा: लांब, सरळ, टोकदार. आपणही गवताचं ते पातं आणि तलवारीचं तेही पातंच म्हणतो.