भिंत बांधा, पण कामावर कोण ठेवतंय तेही बघा

अमेरिकेला मेक्सिको बॉर्डरवर भिंत बांधायची तर खुशाल बांधा, माझी काही हरकत नाही. आपल्या हद्दीत कोण येतंय हे ठरवायचा हक्क प्रत्येक देशाला आहे आणि डिसेंबर २०२३ मध्ये एका महिन्यात तिथे जवळपास अडीच लाख माणसं पकडली गेली, त्याला कोणी "कंट्रोल" म्हणत असेल तर त्याला आपला दंडवत. पण २०२५ मध्ये नुसत्या भिंतीसाठी ४६ अब्ज डॉलरच्या वर पैसे मंजूर झाले आणि बिनकागदाच्या, म्हणजे राहायचा-कामाचा परवाना नसलेल्या लोकांना कामावर ठेवणाऱ्याचं काय, हे विचारलं की दोन्ही पक्ष चिडीचूप. शिवाय बिनकागदाच्या लोकांतला मोठा हिस्सा रीतसर व्हिसावर विमानाने आलेला आणि मुदत संपल्यावर परत न गेलेला आहे, त्यांना भिंत काय करणार?

१९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगननी सही केलेल्या कायद्यातला सौदा साधा होता. आत आहेत त्यांना कागद द्यायचे आणि इथून पुढे जो बिनकागदाचा माणूस ठेवेल त्याला दंड करायचा. कागद मिळाले, साधारण २७ लाख लोकांना. दंडाचं मात्र नावालाच राहिलं. इथे नोकरीला लागलेल्या प्रत्येकाने आय-९ फॉर्म (काम करायचा हक्क आहे हे दाखवणारा) भरलाय, आठवून बघा काय होतं ते. एचआरमधली बाई पासपोर्ट बघते, नाहीतर लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड, नंबर लिहून घेते, सही करते, झालं. कागद दिसायला खरा वाटला की कायद्याचं समाधान होतं. उलट "मला अमुकच कागद आणून दे" असं खोदून विचारलं तर तिच्याच कंपनीवर भेदभावाची केस होऊ शकते. ई-व्हेरिफाय, म्हणजे कामगाराचे कागद सरकारी नोंदींशी ऑनलाइन ताडून बघायची सोय, १९९७ पासून आहे पण देशभर सक्ती नाही, ॲरिझोना-फ्लोरिडासारख्या काही राज्यांत आहे, आणि तिथेही दुसऱ्या कोणाचं खरं नाव आणि खरा नंबर टाकला की बऱ्याचदा माणूस पास होऊन जातो.

आता विस्कॉन्सिन राज्यातली डेअरी घ्या. गायीला थँक्सगिव्हिंगची सुट्टी कळत नाही आणि बर्फही कळत नाही, दिवसातून दोनदा-तीनदा धार काढावीच लागते, बाराही महिने. शेतकामासाठी एच-२ए व्हिसा आहे, त्याला संख्येची मर्यादासुद्धा नाही, पण तो फक्त हंगामी कामाला मिळतो. म्हणजे सफरचंद तोडायला कायदेशीर माणूस आणता येतो, दूध काढायला नाही! मग पहाटे तीनच्या पाळीला उभा असलेला माणूस कुठून आलाय हे मालकाला माहीत असतं, गावालाही माहीत असतं आणि निवडणूक आली की त्याच गावात "बॉर्डर बंद करा" च्या पाट्या लागतात.

इथल्या आपल्या मराठी ग्रुपांवर हमखास येणारं वाक्य म्हणजे "आम्ही रांगेत उभे राहून आलो, त्यांनीही यावं". अहो मीही त्याच रांगेत आहे, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, १९९० च्या कायद्यातल्या नोकरीवरून मिळणाऱ्या वर्षाला १ लाख ४० हजार ग्रीन कार्ड आणि एका देशाला ७ टक्के या आकड्यांवर माझंही डोकं फिरतं. पण शिक्षण-कौशल्य नसलेल्या मजुरासाठी रांग दाखवा ना कुठाय ती. वर्षाला जास्तीत जास्त १० हजार ग्रीन कार्ड, अख्ख्या जगाला मिळून, तीही बायको-पोरं धरून. आणि हे फक्त मेक्सिकोवाल्यांचं दुखणं आहे असं समजून नाक मुरडू नका, फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडलेल्या १०४ जणांत तीन महाराष्ट्रातले होते.

असायलमबद्दल, म्हणजे मायदेशी जिवाला धोका आहे म्हणून मागितलेल्या आश्रयाबद्दल मात्र डावे मित्र ऐकून घेत नाहीत, म्हणून सांगतो. इमिग्रेशन कोर्टात ३० लाखांच्या वर केसेस पडून आहेत आणि निकालाला वर्षानुवर्षं लागतात. अर्ज करून सहा महिने झाले की वर्क परमिट मिळू शकतं, मग केस कितीही लेचीपेची असली तरी निकाल लागेपर्यंत कमवायला मोकळे, आणि ज्याच्या जिवाला खरंच धोका आहे तो बिचारा त्याच गर्दीत अडकतो. यावर जज वाढवणं हा उपाय आहे हे शेंबड्या पोरालाही कळेल, तर २०२५ मध्ये उलट कितीतरी जजना घरी पाठवलं. धन्य आहे.

माझ्या मते निकाल महिन्यांत लागले पाहिजेत आणि नाही म्हटलं की परत पाठवलं पाहिजे. जे वीस-वीस वर्षं राबतायत त्यांच्यासाठी अख्खा नवीन कायदा लिहायला नको, रजिस्ट्री नावाचं जुनं कलम आहे. ठरलेल्या तारखेच्या आधी आलेल्या आणि चांगल्या वर्तणुकीच्या माणसाला त्याखाली ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो. फक्त ती तारीख १ जानेवारी १९७२ आहे, १९८६ नंतर कोणी ती हलवलेलीच नाही. तारीख पुढे आणा, दंड घ्या, थकलेला टॅक्स घ्या, गुन्हेगार वगळा.

आणि ई-व्हेरिफाय सगळीकडे सक्तीचं करा, पण डेअरीवाल्याला बारमाही व्हिसा दिल्यानंतर. मे २०२३ मध्ये रिपब्लिकनांनी हाउसमध्ये (संसदेच्या खालच्या सभागृहात) ही सक्ती असलेलं बिल पास केलं तेव्हा त्यांच्यातल्याच दोघांनी विरोधात मत दिलं, त्यातला एक कॅलिफोर्नियाचा शेतकरी. त्याला दुटप्पी म्हणणं सोपं आहे, पण मजुराशिवाय शेत चालत नाही हे तो निदान उघडपणे मान्य करतो, बाकीच्यांना तेवढीही लाज नाही. ते बिल पुढे सिनेटमध्ये पडूनच राहिलं. आधी सक्ती आणि व्हिसाचं नंतर बघू, असा क्रम ठेवलात तर पुढच्या बिलाचंही तेच होणार.