रॅलीला जाणाऱ्यांनो, शुक्रवारी रात्री निघू नका

नोव्हेंबर जवळ आला, म्हणजे गोव्यात वागातोरला भरणारी रॉयल एनफिल्डची रॅली जवळ आली, की आमच्या वॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी तोच मेसेज येतो. "शुक्रवारी ऑफिस सुटलं की रात्री १० ला कळंबोली, सकाळी ७ ला वागातोर." खाली धडाधड अंगठे. यंदा मी अंगठा दिलेला नाही. का दिला नाही ते इथे लिहितोय, कारण असेच मेसेज सध्या मुंबईतल्या कितीतरी ग्रुपवर फिरत असणार.

ही रॅली, म्हणजे मोटोव्हर्स, मला मनापासून आवडतं. नाव २०२३ मध्ये बदललं, आमच्या तोंडात अजून रायडर मेनियाच बसलंय. वागातोरच्या हिलटॉपवर नारळांच्या खाली एका रांगेत उभ्या असलेल्या जुन्या बुलेट, परप्रांतातून एकट्याने आलेला एखादा म्हातारा रायडर, ओळख नसताना आपल्या गाडीखाली आडवा होऊन चेन बघणारा माणूस. हे वर्षभर पुरतं. म्हणून जाऊ नका असं मी म्हणणारच नाही. कसं जायचं, एवढंच माझं म्हणणं आहे.

साधा हिशेब करा. भांडुपहून वागातोर साधारण पावणेसहाशे किलोमीटर. चहा, पेट्रोल, जेवण, पंक्चर धरून ग्रुपची सरासरी ताशी ४५ च्या वर जात नाही, म्हणजे जवळजवळ तेरा तास. नोव्हेंबरअखेर मुंबईत सूर्य पावणेसातला उगवतो आणि सहाला मावळतो. उजेड अकरा तासांचा, रस्ता तेरा तासांचा. एका दिवसात हे बसतच नाही. मग रात्रीत बसवायला जातो, तेही नऊ तासांत.

"रात्री ट्रॅफिक नसतं, ऊन नसतं." ऊन नसतं हे खरं. पण मुंबई-गोवा रस्त्याचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. जिथे काम आहे तिथे रस्ता अचानक एका बाजूला वळवलेला असतो, दोन पट्ट्यांच्या उंचीत फरक असतो, खडी पसरलेली असते, आणि समोरून स्लीपर बसचा हायबीम डोळ्यांत. सुक्या डांबरावर गुरं बसलेली असतात ती वेगळीच. दिवसा हे सगळं शंभर मीटरवरून दिसतं. रात्री दिसतं तेव्हा ब्रेक दाबायची वेळ गेलेली असते.

आणि झोप. पहाटे दोन ते पाच शरीर झोप मागतंच, तुम्ही कितीही चहा प्या. हे मी वाचून सांगत नाही. २०१७ ला आम्ही असेच रात्री १० ला निघालो. मागे माझा मावसभाऊ. राजापूर सोडल्यावर चारच्या सुमारास माझे डोळे उघडे होते, हात थ्रॉटलवर होता, पण शेवटचे काही किलोमीटर मला आजही आठवत नाहीत. आठवतो तो थेट चाकाखालचा खडीचा आवाज. मला खरचटलं. त्याचा कॉलरबोन मोडला.

मावशी संगमेश्वरची. सकाळी हॉस्पिटलात आली तेव्हा रागावली नाही, फक्त विचारलं, "रात्री अडीचला माझ्या दारावरनं गेलात नि हाक नाही मारलीत?"

तेव्हापासून मी हेच सांगत सुटलोय. मुंबईतल्या आपल्यासारख्या कितीतरी जणांचं गाव याच रस्त्याला लागून आहे. माणगाव, महाड, खेड, चिपळूण, लांजा, कणकवली. गणपतीला याच रस्त्याने आपण तडफडत घरी जातो. मग रॅलीला जाताना त्याच घरासमोरून अंधारात का निघून जायचं? तिथे मुक्काम करा. कोल्हापूर-आंबोलीमार्गे जाणाऱ्यांनाही हेच. अंतर जवळपास तेवढंच पडतं, आणि दुचाकीला एक्स्प्रेसवे बंद असल्याने जुन्या रस्त्यानेच खंडाळा चढायचा आहे.

मुंबईबाहेर पडायला अटल सेतूही दुचाकीला बंद, तेव्हा वाशी खाडी पूल आणि सायन-पनवेल, तेही पहाटेच. सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका, दहा दिवस आधी करा, म्हणजे नंतर काही कुरकुर निघाली तर ती घराजवळ निघेल. स्पोकच्या चाकात बहुतेक वेळा ट्यूब असते. जादा ट्यूब, पाने आणि क्लच केबल बरोबर ठेवा. मागे बसणाऱ्यालाही आयएसआय हेल्मेट, यात चर्चा नाही. आणि नवा रायडर शेवटी ठेवू नका. लीडच्या, म्हणजे सर्वांत पुढच्या रायडरच्या, लगेच मागे ठेवा, लीडने वेग त्याच्यावरून ठरवायचा. शेवटी स्वीप म्हणून सर्वांत अनुभवी माणूस.

रजा चार दिवस लागते. गुरुवार, शुक्रवार जायला, सोमवार, मंगळवार यायला. परतीची रात्र तर जास्त वाईट, कारण तीन दिवसांचं जागरण अंगात असतं आणि सोमवारचं ऑफिस डोक्यात. रजा मिळत नसेल तर गाडी घरी ठेवा, कोकणकन्याने थिवीला उतरा, गोव्यात भाड्याची बाईक घ्या. कोणी तुम्हाला कमी रायडर म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

आम्ही सात जण ठरलोय. गुरुवारी सकाळी साडेसहा, कळंबोली. महाडला सावित्रीच्या नव्या पुलावर वेग आपोआप कमी होतो. जुना पूल वाहून गेला ती २ ऑगस्ट २०१६ ची रात्र कोकणातला माणूस विसरत नाही. दुपारचं जेवण मावशीकडे, मग झोप, संध्याकाळी कसब्याचं कर्णेश्वर मंदिर. शुक्रवारी उजाडल्यावर पुढे. रॅलीची पहिली सकाळ बुडेल, बुडू दे.

मावसभाऊ यंदा स्वतःच्या गाडीवर आहे, लीडच्या मागे दुसरा. मावशीचा काल फोन आला होता, मासे खाणारे किती आणि न खाणारे किती ते आधी कळव म्हणाली.