ॲसिड अंगावर पडलं तर आधी पाणी; सोडा नको, चुना तर नकोच

आमच्या वहिनीने परवा एक मेसेज पाठवला. तो तुमच्याही ग्रुपवर आला असेल. मजकूर थोडक्यात असा: 'शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांच्या अंगावर ॲसिड सांडलं तर चुकूनही पाणी ओतू नका, पाण्याने ॲसिड भडकतं. ताबडतोब खायचा सोडा किंवा चुना चोळा. डोळ्यात गेलं तर डोळे घट्ट मिटून दवाखाना गाठा. भाजलं तर टूथपेस्ट किंवा हळद लावा. विरल ॲसिडला चष्म्याची गरज नसते.' आणि शेवटी, प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा.

वहिनीने तो नुसता पाठवला नाही, पाळलाही. पुतणी नववीत आहे. तिच्या दप्तरात सोड्याची पुडी गेली. मी इतकी वर्षं शाळेत विज्ञान शिकवतो आणि माझ्याच घरातल्या मुलीला कोणीतरी शिकवतंय की ॲसिड पडलं तर नळापासून लांब राहा. म्हणून हे लिहितो आहे.

पाण्याने ॲसिड भडकतं, हे कुठून आलं ते मला कळतं. 'ॲसिडमध्ये पाणी ओतायचं नाही, पाण्यात ॲसिड ओतायचं, तेही हळूहळू आणि ढवळत' हे आम्हीच वर्गात घोकून घेतो. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातही ही सूचना आहे, आणि ती बरोबर आहे. संहत, म्हणजे पाणी मिसळून सौम्य न केलेलं, सल्फ्युरिक आम्ल पाण्याच्या पावणेदोन पटीहूनही थोडं जास्त जड असतं. त्यात पाणी ओतलं की ते वरच राहतं, तिथेच उकळतं आणि आम्लाचे थेंब तोंडावर उडतात. पण हा नियम चंचुपात्रात द्रावण बनवण्याचा आहे. हातावर पडलेलं आम्ल धुण्याशी त्याचा संबंध नाही.

हिशोबच करून बघा. एक मिलीलिटर संहत सल्फ्युरिक आम्ल भरपूर पाण्यात मिसळलं तर साधारण दीड किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तेवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी अर्धा अंशसुद्धा तापत नाही. तीच उष्णता चमचाभर पाण्यात राहिली तर चटका बसेल. म्हणजे ओल्या फडक्याने पुसणं, हातावर दोन थेंब शिंपडणं हे धोक्याचं. नळाची धार सोडली की उष्णताही वाहून जाते आणि आम्लही. मेसेजमध्ये अर्धं सत्य असेल तर ते एवढंच: थोडं पाणी वाईट. त्यावर उपाय जास्त पाणी हा आहे.

पाण्याची भीती जिथे खरी आहे त्या जागाही सांगतो. सोडियम धातू रॉकेलमध्ये ठेवतात तो उगाच नाही, आणि चुनकळीवर पाणी पडलं की ती खदखदते हे घर बांधणाऱ्या कोणालाही माहीत आहे. सोडियमचा तुकडा कोरड्या चिमट्याने उचलायचा, चुनकळीची पूड आधी कोरडीच झटकायची, आणि मग भरपूर पाणी. या दोघांचा नियम उचलून कोणीतरी ॲसिडला चिकटवला आहे.

आता सोडा. आम्लावर सोडा टाकला की फेस येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, ॲसिड मरतंय. फेस कार्बन डायऑक्साइडचा असतो. खाली उदासिनीकरण, म्हणजे आम्ल आणि सोडा एकमेकांना निष्प्रभ करण्याची क्रिया, चालू असतं, आणि संहत आम्लाच्या बाबतीत त्याची उष्णता आधीच भाजलेल्या कातडीवर पडते. शिवाय पुडी शोधायला, फोडायला आणि चोळायला जो वेळ जातो त्यात आम्ल आत उतरत राहतं. काही जुन्या प्रॅक्टिकलच्या वह्यांत सोड्याचा उल्लेख आहे हे मान्य. पण तिथेही आधी भरपूर पाण्याने धुवा आणि मग सोड्याचं सौम्य द्रावण, असा क्रम आहे. सोडा विसरला तर काही बिघडत नाही. पाणी विसरलं तर मूल भाजतं.

चुन्याबद्दल वाचून मात्र माझा संताप झाला. चुना हा स्वतःच तीव्र अल्क आहे. नुसत्या चुन्याच्या निवळीचा सामू, म्हणजे pH, बाराच्या वर जातो. चुना लावलेल्या हाताने घाबरलेलं पोर डोळा चोळणार, हे वर्गात एक दिवस उभं राहिलेल्या कोणालाही सांगता येईल. आणि डोळ्याला अल्क हे आम्लापेक्षा बहुधा जास्त घातक असतं. आम्लाने वरच्या थरातली प्रथिनं गोठतात आणि त्यामुळे ते थोडंफार अडतं. अल्क चरबी विरघळवत थेट आत जातं. तंबाखूबरोबर मिळणाऱ्या चुन्याच्या पुड्या मुलांच्या हातात फुटून डोळ्यांना गंभीर इजा झाल्याच्या केसेस आपल्याच देशातल्या नेत्रतज्ज्ञांनी नोंदवल्या आहेत. तो चुना औषध म्हणून मुलांजवळ द्या म्हणणारा मेसेज एकाही ग्रुपवर राहायला नको.

'डोळे घट्ट मिटून दवाखाना गाठा' हेही तितकंच वाईट. मिटल्या पापणीखाली रसायन कोंडून राहतं. दोन बोटांनी पापण्या उघड्या धरायच्या आणि नाकाकडून कानाकडे पाणी वाहू द्यायचं, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. किती वेळ? प्रयोगशाळांतल्या डोळे धुण्याच्या उपकरणांसाठी अमेरिकेचं जे मानक आहे ते सलग १५ मिनिटं पाणी पुरलं पाहिजे असं सांगतं, आणि उपकरण १० सेकंदांत गाठता येईल इतक्या जवळ हवं असंही. आपल्याकडे उपकरण नसलं तरी नळाला लावलेली रबरी नळी किंवा तांब्या चालतो. दवाखान्यात जायचंच, पण धुऊन.

टूथपेस्ट आणि हळदीसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं भाजण्याविषयीचं माहितीपत्रक पुरेसं आहे. भाजलेल्या जागी लेप, तेल, हळद किंवा कच्चा कापूस लावू नका, असं त्यात लिहिलंय. हळदीचं नाव घेऊन लिहिलंय. रसायनाने भाजलं तर भरपूर पाण्याने धुवा, हेही तिथेच आहे. यापुढे मी वाद घालणार नाही.

प्रयोगशाळेतल्या संरक्षक चष्म्याचं एका ओळीत: विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने हाताला फार काही होत नाही, हे खरं, बुबुळ म्हणजे हात नव्हे. आणि परीक्षानळी तापवताना उसळलेला थेंब विरल की संहत हे विचारून उडत नाही.

मेसेजमध्ये एक गोष्ट मुळीच नाही, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. आम्लाने भिजलेला कपडा लगेच काढावा लागतो, नाहीतर वरून कितीही पाणी ओतलं तरी कापड आम्ल कातडीला धरून ठेवतं. नववी-दहावीच्या मुली वर्गात सगळ्यांसमोर सलवार किंवा ओढणी काढायला लाजतात, भाजत असतानाही गप्प बसतात. म्हणून प्रयोगशाळेच्या कपाटात एक चादर हवी, बाकीच्यांना बाहेर काढायला शिक्षक हवेत, आणि हे मुलींना पहिल्याच प्रॅक्टिकलला, काही घडायच्या आधी सांगितलेलं हवं.

वहिनीला मी पुडी काढून ठेवायला सांगितली आणि शाळेत काय विचारायचं तेही सांगितलं: प्रॅक्टिकलच्या तासाला प्रयोगशाळेच्या नळाला पाणी असतं का? आपल्याकडे बऱ्याच शाळांत टाकी सकाळी भरते आणि दुपारपर्यंत संपते. मग तिथे भरलेला पिंप आणि तांब्या ठेवलाय का? नसेल, तर त्या दिवशी ॲसिडची बाटली कपाटाबाहेर येता कामा नये.