रॅटिगनला ऑस्बर्नने एका रात्रीत संपवलं?

इंग्रज नाटककार टेरेन्स रॅटिगनबद्दल एक मजकूर नाटकवाल्यांत सारखा फिरत असतो. ८ मे १९५६ला लंडनच्या रॉयल कोर्टमध्ये जॉन ऑस्बर्नचं ‘लुक बॅक इन अँगर’ आलं आणि रॅटिगन एका रात्रीत संपला. तोवर तो दिवाणखान्यातली गुळगुळीत नाटकं लिहीत होता, मग पोटासाठी सिनेमात गेला आणि नव्या पिढीवर जळत राहिला. गोष्ट झकास आहे, पण तारखा तिला साथ देत नाहीत.

‘एका रात्रीत संपला’

त्या रात्री रॅटिगनचं ‘सेपरेट टेबल्स’ सेंट जेम्स थिएटरात चालूच होतं. सप्टेंबर १९५४मध्ये उघडलेल्या या नाटकाचे ७२६ प्रयोग झाले. ऑक्टोबर १९५६मध्ये ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेलं आणि त्यातल्या अभिनेत्री मार्गारेट लेटनला त्यासाठी टोनी हे नाट्यपारितोषिक मिळालं. ऑस्बर्नच्या नाटकाला मात्र सुरुवातीला गर्दी नव्हती. त्याच ऑक्टोबरात बीबीसीने त्यातला एक भाग टीव्हीवर दाखवला, तेव्हा कुठे गल्ला वाढला. १९६०मध्ये रॅटिगनचं ‘रॉस’ आलं, अ‍ॅलेक गिनेस टी. ई. लॉरेन्सच्या, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’च्या भूमिकेत. प्रयोग ७६२. संपलेल्या लेखकाच्या नशिबी हे येत नाही.

गेली ती समीक्षकांची मर्जी, आणि तिला ओहोटी लागली होती ऑस्बर्नच्या आधीच. १९५०मध्ये रॅटिगनने ‘न्यू स्टेट्समन’ या साप्ताहिकात विचारप्रधान नाटकांविरुद्ध लेख लिहून बर्नार्ड शॉपासून अनेकांना अंगावर घेतलं. १९५३मध्ये स्वतःच्या नाट्यसंग्रहाच्या प्रस्तावनेत त्याने ‘एडना मावशी’ उभी केली: मध्यमवयीन, अविवाहित, हाताशी वेळ आणि पैसा असलेली प्रेक्षक. नाटककाराने तिला विसरू नये, पण तिचं सगळं ऐकूही नये, असं त्याचं म्हणणं होतं. दुसरा अर्धा भाग कोणी लक्षात ठेवला नाही. समीक्षकांच्या हाती आयतं कोलीत मिळालं, आणि ते देणारा खुद्द रॅटिगनच होता.

त्याची पडझडही खरी आहे, पण ती सुटी सुटी आहे. १९५८चं ‘व्हेरिएशन ऑन अ थीम’ फसलं. १९६०ची ‘ज्वा द व्हिव्ह्र’ ही संगीतिका ४ प्रयोगांत उतरली. १९६३चं ‘मॅन अँड बॉय’ लंडन आणि न्यूयॉर्क दोन्हीकडे फार टिकलं नाही.

‘दिवाणखान्यातली गुळगुळीत नाटकं’

हा आरोप करणाऱ्याने ‘द डीप ब्लू सी’ (१९५२) उघडून पहिलं पान वाचावं. लंडनमधली भाड्याची, उतरती कळा लागलेली जागा. पडदा वर जातो तेव्हा नायिका हेस्टर गॅस सोडून, जीव देण्यासाठी शेगडीपुढे निपचित पडलेली आहे. तिचा जीव वाचतो, कारण नाणी टाकून चालणाऱ्या गॅसच्या मीटरमध्ये पुरेशी नाणी नसतात आणि गॅस बंद पडतो. पुढे तिचा प्रियकर फ्रेडी, लढाईनंतर रिकामा झालेला वैमानिक, चिडून तिला मीटरसाठी एक शिलिंग देतो: मला जेवायला यायला उशीर झाला तर असू दे! या एका नाण्यात त्या नात्याचा सगळा हिशेब आहे. शेवटी हेस्टर तीच शेगडी काडी ओढून पेटवते. जगण्याचा निर्णय आणि त्यावर एकही भाषण नाही. हे ऑस्बर्नचं नाटक जिथे घडतं त्या पोटमाळ्याच्या खोलीआधी चार वर्षं. आणि रचनेचंच म्हणाल, तर ते तथाकथित क्रांतिकारी नाटकही तीन अंकी, एकाच नेपथ्याचं आहे.

‘गुळगुळीत’पणामागे कायदाही होता. १९६८पर्यंत इंग्लंडमध्ये प्रत्येक नव्या नाटकाची संहिता प्रयोगाआधी लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या कचेरीतून परवाना घेऊन यायची, आणि समलिंगी संबंधांचा उघड उल्लेख तिथे अडायचा. ‘सेपरेट टेबल्स’मधला मेजर पोलॉक सिनेमागृहात बायकांना त्रास दिल्याबद्दल दोषी ठरतो. रॅटिगनच्या मनातला गुन्हा वेगळा होता, रात्री समुद्रकाठच्या रस्त्यावर पुरुषांना हटकल्याचा. ब्रॉडवेसाठी त्याने तशी पानं लिहूनही दिली. ती तिथल्या निर्मात्याने नाकारली. रॅटिगन स्वतः समलिंगी होता आणि पुरुषांमधले समलिंगी संबंध इंग्लंडमध्ये १९६७पर्यंत गुन्हा होते, हे लक्षात घेतलं की त्याच्या पात्रांचं ओठ मिटून बोलणं वेगळं ऐकू येतं.

‘पोटासाठी सिनेमात गेला’

गेला म्हणजे कधी? ‘द वे टू द स्टार्स’ १९४५चा. ‘ब्रायटन रॉक’ची पटकथा ग्रॅहॅम ग्रीनसोबत, १९४८ची. १९५१मध्ये ‘द ब्राउनिंग व्हर्जन’ला फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात पटकथेचं पारितोषिक. १९५२च्या ‘द साउंड बॅरिअर’ला ऑस्करचं नामांकन. हे सगळं ऑस्बर्नच्या आधीचं. उलट ‘रॉस’ मूळची पटकथा होती. सिनेमा रद्द झाला म्हणून तिचं नाटक झालं. साठच्या दशकातल्या ‘द व्हीआयपीज’ आणि ‘द यलो रोल्स-रॉइस’मध्ये पैशाचा भाग मोठा होता, एवढं मान्य.

‘नव्या पिढीवर जळला’

ऑस्बर्नच्या पहिल्या प्रयोगाला तो मध्यंतरातच निघणार होता, एका समीक्षकाने थांबवलं. बाहेर पडताना, बघा मी रॅटिगनसारखा नाही, एवढंच हा लेखक सांगतोय, अशा अर्थाचं तो वार्ताहराला बोलून गेला. हे त्याला शोभलं नाही, आणि महागात पडलं. पण १९६४मध्ये जो ऑर्टन या अगदी नव्या लेखकाचं ‘एंटरटेनिंग मिस्टर स्लोन’, त्या काळी अनेकांना अश्लील वाटलेलं नाटक, लंडनच्या वेस्ट एंडला, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांत नेण्यासाठी ३,००० पौंड घालणारा माणूस रॅटिगनच होता.