तालिलिनची गाडी कुणी वाचवली?

वेल्समधल्या तालिलिन रेल्वेवरून काल कट्ट्यावर चांगलीच जुंपली. संज्या ठाम : गाडी हौशी मंडळींनीच वाचवली. 1950 च्या ऑक्टोबरात बर्मिंगहॅमला सभा घेतली आणि 1951 च्या मे महिन्यात गाडी सोडलीसुद्धा. स्वयंसेवकांनी जगवलेली जगातली पहिली रेल्वे!

"कबूल. पण तोवर रूळ जागेवर राहिले कसे?" मी विचारलं.

मुळात ही लाइन ब्रिन एग्लुइसच्या खाणीसाठी. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस येईना, तेव्हा मँचेस्टरच्या मॅककॉनेल या गिरणीमालकांनी पाटीच्या दगडात पैसा घातला. माल समुद्राकाठच्या टाउइनला उतरवायला सव्वासात मैलांची लाइन, रूळ सव्वादोन फुटी. 1866 मध्ये सरकारी तपासनीस कॅप्टन टायलर आले, तर पुलाखाली डबा आणि भिंत यांच्यात दोन फूटही जागा नाही! मग एका बाजूची दारं कायमची बंद केली, पुलांखाली रूळ बाजूला सरकवले. आजही चढ-उतार एकाच बाजूनं. मला ही लाइन आवडते ती इथूनच.

1911 ला तिथले खासदार हेडन जोन्स यांनी खाण आणि रेल्वे दोन्ही विकत घेतली. जिवंत आहे तोवर गाडी चालवीन, हा त्यांचा शब्द. 1946 च्या डिसेंबरात खाण ढासळून बंद पडली, माल संपला. अखेरीला चालतं इंजिन एकच, डॉलगॉख. तरी 1950 च्या जुलैत डोळे मिटेपर्यंत त्यांनी गाडी थांबवली नाही.

"शब्द कसला, नशीब म्हण," मध्या उसळला. "शेजारची कॉरिस बघ. तेच सव्वादोन फुटी रूळ, तोच पाटीचा दगड. पण मोठ्या कंपनीच्या मालकीची, म्हणून राष्ट्रीयीकरणात गेली आणि 1948 ला बंद. तालिलिन त्या कायद्यातून सुटली."

हा मुद्दा खरा आहे, मला खोडता आला नाही. "पण सुटलेली गाडी मालकानं भंगारात काढली असती तर?"

"आणि त्याच कॉरिसची दोन इंजिनं 25-25 पौंडांना घेऊन गाडी पुढे कुणी चालवली?" संज्या म्हणाला. "स्वयंसेवकांनीच ना?"

"त्यांनीच. त्यातल्या एकाला नाव काय दिलं?"

संज्या गप्प. मध्यानंच सांगितलं, "सर हेडन."