कुणाच्या लक्षातही येणार नाही असा संप कसा करावा

तुमच्या विद्यापीठात संपाची नोटीस दिली म्हणे. अभिनंदन! आम्ही नुकताच एक करून बसलोय, तेव्हा अनुभवाचे चार बोल ऐकून ठेवा.

तारीख जपून निवडा. परीक्षा, निकाल, प्रवेश असल्या धांदलीत प्रशासनाला आपला त्रास नको. सुटीला जोडून एखादा दिवस मिळाला तर उत्तम.

संप एकाच दिवसाचा ठेवा आणि तो किती वाजता संपणार तेही निवेदनात लिहून द्या. कुलसचिवांनाही दिवसाची आखणी करावी लागते.

काळ्या फिती आदल्या दिवशीच आणून ठेवा. ऐनवेळी मिळत नाहीत.

कॅलिफोर्नियाकडे मात्र बघू नका. तिथल्या सरकारी विद्यापीठात २०२२च्या नोव्हेंबरात ४८ हजार अध्यापन सहायक, संशोधक वगैरे मंडळी ऐन सत्राच्या शेवटी बाहेर पडली. उत्तरपत्रिका तपासायच्या कुणी? सुमारे सहा आठवड्यांनी मिटलं, तेव्हा अध्यापन सहायकांचं किमान वेतन वर्षाला सुमारे २३ हजार डॉलरवरून टप्प्याटप्प्यानं ३४ हजारांवर न्यायचं ठरलं होतं. असा आततायीपणा आपल्याला शोभत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं, बुडालेले तास. संपानंतर दोनच दिवसांत पत्र येईल, ‘विद्यार्थ्यांचे शैक्षणिक नुकसान होऊ नये म्हणून...’ पुढचं तुम्हाला पाठ आहे. लगेच कामाला लागा. जादा तास घ्या, रविवारी घ्या, सकाळी सातला घ्या. कारखान्यात संप झाला की माल अडतो आणि मालकाला झळ बसते. इथे फी आधीच जमा झालेली असते. संपाच्या दिवसाचा पगार कापला की उलट शिल्लकच पडते. वर तेच काम तुम्ही पुढच्या आठवड्यात फुकट करून देता! म्हणजे काम पूर्ण, पगार कमी, आणि शिष्टमंडळाला ‘सहानुभूतीपूर्वक विचार करू’ एवढं ऐकवलं की विषय संपला. असा संप महिन्यातून एकदा झाला तरी कुठलंही प्रशासन आनंदानं परवानगी देईल. फाटकाबाहेर मांडवही घालून देईल.

नुसती लांबण लावूनही भागत नाही, हे कबूल. नायजेरियात २०२२ साली प्राध्यापकांचा संप १४ फेब्रुवारी ते १४ ऑक्टोबर, तब्बल आठ महिने चालला. सरकारनं ‘काम नाही तर वेतन नाही’चा हिसका दाखवला आणि शेवटी न्यायालयाच्या आदेशानंतर लोक परतले. ब्रिटनमध्ये २०२३ साली एप्रिल ते सप्टेंबर विद्यापीठातल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या संघटनेचा उत्तरपत्रिका तपासणीवर बहिष्कार होता. विद्यापीठांनी कुठे अर्धा, कुठे सगळा पगार कापला, कित्येक विद्यार्थी अंतिम गुणांविना पदवीदान समारंभाला गेले, आणि पगारवाढीचा आकडा जागचा हलला नाही. पण त्याच संघटनेनं पेन्शनसाठी २०१८पासून पुन्हापुन्हा संप केले आणि २०२२मध्ये कापलेले लाभ एप्रिल २०२४पासून परत मिळवले. वर्षानुवर्षं एकच मागणी धरून बसले म्हणून.

आपण काय धरून बसलो? निवेदनात सतरा मागण्या होत्या. कंत्राटी लोकांचा पगार तेराव्या क्रमांकावर, आणि दिवसभर उन्हात उभे राहिले तेच.

जाऊ दे तो उपरोध. संपाच्या दिवशी घरी बसून ऑनलाइन तास घेणाऱ्यांनो, ‘मनानं तुमच्याबरोबर आहे’ असा निरोप धाडणाऱ्यांनो, तुमच्या मनाला पगार मिळत नाही आणि कापलाही जात नाही. वाढ झाली की फरकाची रक्कम मोजायला पहिले तुम्हीच असता. आणि पुढाऱ्यांनो, विद्यार्थ्यांना आपण का बाहेर आहोत हे सांगायला एकजण तरी वर्गात गेला होता का? त्यांना तास रद्द झाल्याचं कळलं, कारण कळलं नाही. मग शिव्या आपल्यालाच बसणार.

पुढच्या सभेत ठराव आला तर आधी विचारा, बुडालेले तास बुडालेलेच ठेवायची तयारी आहे का? नसेल तर हात खाली ठेवा आणि मुकाट्यानं वर्गावर जा.