उरलेले बावीस सेकंद

रेडिओवर काम करत होतो असं सांगितलं की लोक हमखास आवाजाबद्दल विचारतात. आवाज जपायला काय करायचात, गुळण्या करायचात का, रियाज असायचा का. आवाजाचं आम्हाला फारसं काही वाटायचं नाही. तो ज्याचा त्याला जन्मतःच मिळालेला असे आणि सर्दी झाली की रजेचा अर्ज न देता निघून जाई. आमचं खरं वैर होतं ते शांततेशी. घरात दोन माणसं पाच सेकंद गप्प बसली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. रेडिओ पाच सेकंद गप्प बसला की ऐकणारा आधी सेटच्या डोक्यात चापट मारतो, मग बॅटऱ्या काढून पुन्हा घालतो आणि मग दुसरं स्टेशन लावतो. या तिन्ही गोष्टींची जबाबदारी ड्यूटीवरच्या उद्घोषकाची. आम्ही काय बोललो ते लॉगबुकात कधी लिहिलं गेलं नाही. न बोललेलं मात्र वेळेसकट, कारणासकट आणि सहीसकट लिहिलं जायचं.

आमचं केंद्र लहान, आसपासच्या भागापुरतं. तासाच्या ठोक्याला मोठ्या केंद्राच्या बातम्या यायच्या आणि आम्ही त्या पुढे सोडायच्या. आमच्या सगळ्या यातनांचं मूळ या ‘सोडायच्या’मध्ये होतं. आमचा कार्यक्रम दहा सेकंद लांबला तर बातम्या ‘...असे ते म्हणाले’ इथून सुरू होणार, म्हणजे कोण म्हणालं हे आमच्या भागाला कायमचं अज्ञात. दहा सेकंद आधी संपला तर पुन्हा ती शांतता, पुन्हा सही. म्हणून हिशोब उलटा करायचा. शेवट धरून मागे यायचं: केंद्राचं नाव सांगायला आठ सेकंद, त्याआधी सूचना पस्तीस सेकंद, त्याआधी गाणं तीन मिनिटं सतरा सेकंद, तर आत्ता बोलणं कुठे तोडायचं? शाळेत दहाचा हातचा घ्यायची सवय लागलेली, इथे हातचा साठाचा. हे गणित एका कानात गाणं, दुसऱ्या कानात इंजिनिअर साहेबांचा आरडाओरडा आणि तोंडाने ‘आजची संध्याकाळ किती प्रसन्न आहे’ असं बोलत करायचं.

तास भरत आल्याची खूण म्हणून रेडिओवर वाजणाऱ्या सहा टिकटिकींची पद्धत बीबीसीने ५ फेब्रुवारी १९२४ ला सुरू केली. कितीतरी वर्षं सहाही टिकटिकी सारख्याच लांबीच्या होत्या. कितवी चालू आहे ते ऐकणाऱ्याने मोजायचं, आणि मधूनच रेडिओ लावला तर तास नेमका कुठल्या टिकटिकीला झाला हे त्याचं त्यानेच ठरवायचं. १९७१ संपता संपता शेवटची टिकटिक लांब करण्यात आली. ती सुरू होते तो क्षण तासाचा. म्हणजे पहिली टिकटिक ऐकू आली की तुमच्या हातात पाच सेकंद उरलेले असतात. पाच सेकंदांत काय काय आवरता येतं हे मी इथे सांगत नाही, पण घरचे लोक पाहुणे यायच्या वेळी माझ्यावर निर्धास्त असतात.

या हिशोबात पहिला दगा द्यायची ती रेकॉर्ड. तबकडीच्या मध्यावरच्या कागदी गोलावर गाण्याची लांबी छापलेली असे आणि नवखा माणूस त्यावर विश्वास ठेवी. छापील आकडा हा फार तर एक अंदाज असतो, हे पहिल्या महिन्यातच कळतं. यात नुसता निष्काळजीपणाच असतो असंही नाही. १९६४ साली फिल स्पेक्टर या अमेरिकन निर्मात्याने पावणेचार मिनिटांच्या एका गाण्यावर चक्क ३:०५ छापलं. तिकडच्या स्टेशनांना लांब गाणी नको असायची, त्यांनी लेबल बघून बिनधास्त लावावं म्हणून. गाणं तुफान चाललं. ते लावणाऱ्या उद्घोषकांचं पुढच्या चाळीस सेकंदांत काय झालं याची मात्र इतिहासाने नोंद घेतलेली नाही. आम्ही लोक असल्या वेळी एकमेकांच्या दुःखात देशांच्या सीमा मानत नाही.

वेगाची भानगड निराळी. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या, १९४८ पासूनच्या ३३⅓ च्या एलपी आणि त्यांच्या पाठोपाठ वर्षभराने आलेल्या ४५ च्या छोट्या. टर्नटेबलचा खटका आधीच्या माणसाने कुठे सोडलाय हे बघायचं राहिलं की भारदस्त गायक पाच वर्षांचा होऊन गाऊ लागे, आणि फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची खिटी, खाली ओढेपर्यंत त्याला चाहत्यांची नवी पिढी मिळे.

पण मला विचाराल तर खरं हाल करणारं काम टेप कापण्याचं. पाव इंच रुंदीची तपकिरी फीत, सेकंदाला साडेसात इंच म्हणजे एकोणीस सेंटिमीटर वेगाने पळणारी. सात इंची स्पूलवर, म्हणजे रिळावर, बाराशे फूट, बत्तीस मिनिटं. मुलाखतीतली अडखळ काढायची तर स्पूल दोन हातांनी पुढेमागे करत नेमकी जागा ऐकायची, पिवळ्या मेणपेन्सिलीने खूण करायची, फीत खाचेच्या पट्टीत बसवायची आणि दाढीच्या पात्याने तिरपी कापायची. तिरपी अशासाठी की सरळ कापली तर सांध्यावर ‘टक्’ होतं. मग दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. या धंद्यात बोलणं कानाने कळतंच, पण लांबीनेही कळू लागतं. साधा ‘म्हणजे’ आठेक सेंटिमीटर. विचारपूर्वक घेतलेला ‘अंऽऽ’ एक वीतभर. एक ज्येष्ठ वक्ते होते, त्यांचा ‘त्याचं असं आहे की’ पुरता दोन हात भरायचा. तो मी कापून खिळ्याला टांगत असे. दुपारपर्यंत खिळ्यावर इतके ‘त्याचं असं आहे की’ लोंबकळायचे, की असं नेमकं आहे तरी काय, हा प्रश्न झाडूवाल्यालाही पडावा.

नव्या माणसाला वाटतं, श्वासही कापून टाकावेत, बोलणं स्वच्छ होईल. तसं बोलणं ऐकताना ऐकणाऱ्याचाच जीव गुदमरतो. म्हणून चांगले श्वास जपून ठेवायचे आणि जिथे कमी पडेल तिथे लावायचे. एकाच माणसाचे असले म्हणजे झालं.

आणि आता जी गोष्ट सांगतो ती बाहेरच्या माणसाला खोटी वाटते. ज्या शांततेला आम्ही आयुष्यभर घाबरलो तीच आम्ही डब्यांत भरून कपाटात ठेवत होतो. कापाकापीत दोन वाक्यं फार जवळ आली की मध्ये थोडी उसंत घालावी लागते. तिथे कोरी टेप घालून चालत नाही. खोलीत पंखा असतो, ट्यूबलाइटची गुणगुण असते, भिंतींचा आपला एक श्वास असतो. कोरी टेप आली की हे सगळं एकदम तुटतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं लाइन गेली. तेव्हा मुलाखत संपली की पाहुण्याला सांगायचं, ‘आता अर्धा मिनिट काही बोलू नका, खोलीची शांतता रेकॉर्ड करायची आहे.’ पाहुणा आधी आपली थट्टा चाललीय असं समजायचा. मग श्वास रोखून बसायचा. मग विसाव्या सेकंदाला हळूच विचारायचा, ‘झालं का?’ ते ‘झालं का?’ कापून आम्ही शांतता जोडत बसायचो. डब्यावर चिठ्ठी असे: ‘शांतता, छोटा स्टुडिओ, ४० सेकंद’. या डब्यांवरून आमच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी बढतीवरून झाली नसतील. ‘माझी शांतता कुणी पळवली?’ असं कुणीतरी कॉरिडॉरमध्ये ओरडायचं, आणि भेटायला आलेल्या माणसांना आपण बहुधा चुकीच्या इमारतीत आलो असं वाटायचं.

दिवस मावळला की आमच्या हाताबाहेरचा तमाशा सुरू व्हायचा. आमचं प्रसारण मध्यमलहरींवर. दिवसा या लहरी वातावरणाच्या वरच्या एका थरात विरून जातात, त्यामुळे दूरची स्टेशनं दूरच राहतात. रात्री सूर्याअभावी तो थर नाहीसा होतो, त्याच्याही वरच्या थरावरून लहरी परत फिरतात आणि शेकडो मैलांवरचे लोक विचारल्याशिवाय घरात शिरतात. अंधार पडताच फोन यायचे. ‘अहो, तुम्ही पिकांवरच्या किडीचं सांगत होतात तेव्हा मागे एक बाई गात होत्या.’ आमच्याकडे त्या वेळी बाई नव्हत्या आणि गाण्याचं तर नावच नव्हतं. इंजिनिअर साहेब शांतपणे म्हणायचे, ‘त्यांना सांगा, वरून येतंय.’ हे शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर होतं. फोन करणाऱ्याने मात्र त्यानंतर पुन्हा कधी फोन केला नाही.

आता म्हणे संगणक सगळं बघतो. गाणं चार सेकंद कमी पडलं तर न कळेल इतकं ताणतो, जास्त झालं तर आवळतो आणि शांतता पडलीच तर स्वतःहून काहीतरी लावतो. चांगलं आहे. मला आवडत नाही, पण चांगलं आहे.

कारण असा संगणक मला त्या बागकामाच्या जाणकारांच्या वेळी हवा होता. गृहस्थ वेळेआधी आले आणि कॉरिडॉरमध्ये मुळांची रचना, कलमं, वाळवीचा स्वभाव यावर असे सुटले की मी मनात म्हटलं, आज फक्त थांबवायचं काम आहे. आत आलो. जाड दार बंद झालं. लाल दिवा लागला. ‘आपण इतकी वर्षं बागकाम करताय?’ ‘हो.’ ‘सुरुवात लहानपणीच झाली असेल?’ ‘हो.’ मी सावध झालो आणि हो-नाहीत संपणार नाही असा प्रश्न काढला, ‘गुलाबाची निगा कशी राखावी?’ त्यांनी दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘नीट.’

बारा मिनिटांचे प्रश्न चार मिनिटांत संपले. मग मी स्वतःच विचारत गेलो आणि स्वतःच उत्तरं देत गेलो. ‘पाणी फार घालू नये असं आपलं मत आहे, नाही का?’ त्यावर ते मान डोलवायचे, आणि रेडिओवर मान ऐकू येत नाही. शेवटी सूचना वाचून घेतल्या, केंद्राचं नावही सांगून टाकलं आणि मागे फक्त गाणं उरेल असं केलं. लेबलवर ३:४०. घड्याळाशी पैज लावल्यासारखं चोख बसत होतं. गाणं ३:१८ ला संपलं.

बावीस सेकंद. पाहुण्यांकडे पाहिलं, तर ते डोळे मिटून बसलेले. टेबलावर हवामानाची चिठ्ठी होती, मघाशी वाचून झालेली. मी ती उचलली आणि एखादा गुप्त खलिता उघडत असल्याच्या आवाजात, प्रत्येक शब्दाला त्याची स्वतंत्र खोली देत पुन्हा वाचली. कमाल तापमान. एकतीस अंश. किमान तापमान. एकोणीस अंश. आकाश... निरभ्र. आणि टिकटिक सुरू झाली.

लाल दिवा विझला तसे गृहस्थ म्हणाले, ‘आता गुलाबाचं कसं आहे बघा—’ आणि दाराबाहेर जाईपर्यंत छाटणीच्या महिन्यांपर्यंत पोचले. त्यांना निरोप देतो तोच एका श्रोत्याचा फोन वाजला.

‘साहेब, तुम्ही तापमान दोनदा सांगितलंत.’

‘हो.’

‘दोन्ही वेळा एकतीसच सांगितलंत.’

‘हो.’

‘मग बदललं नव्हतं तर पुन्हा कशाला सांगायचं?’ इथून ते निघाले ते तापमापक कुठे टांगावा, सावली कशी धरावी, वाऱ्याची दिशा, पूर्वीची थंडी, हल्लीचा उन्हाळा असे कुठेही न अडखळता, एकही ‘अंऽऽ’ न घेता बोलत राहिले. मी घड्याळाकडे बघत होतो. बातम्या संपत आल्या तरी गृहस्थ थांबेनात. असा माणूस सोडायचा कसा? म्हटलं, ‘पुढच्या आठवड्यात आमच्याकडे मुलाखतीला याल का? हेच सगळं माइकवर सांगा.’

‘छे हो,’ ते म्हणाले, ‘मला बोलायला कुठे जमतं!’